बारा रिंगा आणि पाद्रीचा चढ

दूध संघाच्या सभेत हाल्दिसला कोणी खुर्ची दिली नाही, म्हणून ती उभीच राहिली. उभ्या माणसाला चटकन गप्प बसवता येत नाही, हे अध्यक्ष लुद्विगच्या फार उशिरा लक्षात आलं.

"हे बघा हाल्दिस," तो म्हणाला, "तुमच्या लॉरीचा निळा धूर खाली धक्क्यावरून दिसतो. परवा पाद्रीच्या चढावर तुम्ही दोनदा थांबलात. कॅन उन्हात तापत राहिले."

"तीनदा थांबले," हाल्दिस म्हणाली. "मोजायचं तर नीट मोजा."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. संघाचा दुसरा पंच आर्नफिन, म्हणजे हाल्दिसचा सख्खा थोरला भाऊ, त्याने मान खाली घातली आणि टोपीची कड चाचपत बसला.

स्कोरदालच्या खोऱ्यात दुधाची फेरी हाल्दिसच्या बापाने सुरू केली होती. आधी घोड्यावर, मग लॉरीवर. बाप गेल्यावर चोविसाव्या वर्षी हाल्दिस चाकामागे बसली, ती आता साठीला टेकली तरी उतरली नव्हती. सकाळी धक्क्यावरून पेंडीची पोती, पाव, टपाल, कुणाची औषधं असं घेऊन ती वर जायची आणि प्रत्येक वाडीच्या दुधाच्या ओट्यावरून भरलेले कॅन उचलत बोटीच्या वेळेला खाली यायची. पाद्रीच्या चढाच्या वर सात वाड्या होत्या. एके काळी एक पाद्री प्रवचनाला वर निघाला आणि अर्ध्यातूनच मागे फिरला, म्हणून चढाला त्याचं नाव. पुढे किती पाद्री आले आणि गेले, पण नाव काही बदललं नाही.

आता शहरातली एक कंपनी दुधाचा टँकर पाठवायला तयार होती. टँकर नवाकोरा होता, पण तो चढ चढणार नव्हता. वरच्या सातही वाड्यांनी आपलं दूध चढाच्या पायथ्याशी आणून द्यायचं, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे रोज पहाटे घोडा जुंपून दीड तास खाली आणि दोन तास वर. वरच्या वाड्यांवर सगळी म्हातारी माणसं. त्यांनी गाई विकल्या असत्या, दुसरं काय केलं असतं?

"आपण न्यायाने वागू," लुद्विग म्हणाला. न्यायाने वागायचं ठरवलं की तो चष्मा पुसायचा. "येत्या सोमवारनंतरचा सोमवार. मी आणि आर्नफिन तुमच्या शेजारी बसून येऊ. लॉरीत पूर्ण भार. पाद्रीचा चढ एका दमात, आणि मागे निळा धूर नको. जमलं तर फेरी तुमची. नाहीतर टँकर."

"जमेल," हाल्दिस म्हणाली आणि दार न ओढता बाहेर पडली.

शहरातल्या ज्या कारखान्यात तिने लॉरी दाखवली होती, तिथल्या मिस्त्रीने ऑइलची काठी बाहेर काढून बघितली होती, नाक मुरडलं होतं आणि म्हणाला होता, "आजी, हे इंजिन मेलंय. मेलेल्याला औषध पाजू नका." त्याच दिवशी हाल्दिसने टपालाने बारा पिस्टन रिंगांची, म्हणजे पिस्टनभोवती बसून ऑइल वर जाऊन जळू न देणाऱ्या कड्यांची, मागणी पाठवली होती. चार सिलिंडर, प्रत्येकी तीन. जास्तीची एकही नाही.

मंगळवारी पार्सल आलं. लॉरी उघडी असेल तेवढे चार दिवस वरच्या वाड्यांनी आपलं दूध घोड्यांवरून खाली आणायचं कबूल केलं. बुधवारी सकाळी तिने वखारीची दोन्ही दारं सताड उघडली, लॉरी आत घेतली आणि बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. दुपारपर्यंत हेड खाली उतरलं होतं, संध्याकाळपर्यंत ऑइलचं चेंबर. इंजिन लॉरीतच राहू दिलं. पिस्टन खालून ढकलून वर काढता येत होते.

आर्नफिन कुंपण ओलांडून आला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"उघडलंस?" तो म्हणाला. "हाल्दिस, उघडलंसच शेवटी?"

"नाही, ते आपोआप उमललं."

"शहरातल्या शिकल्यासवरल्या मिस्त्रीने सांगितलं तरी तुझं आपलं तेच. मी गेल्या साली ट्रॅक्टर खोलून पुन्हा बांधला, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, तरी तो धूर टाकतोच. इंजिन जुनं झालं की धूर टाकणारच. माणूस म्हातारा झाला की खोकत नाही का?"

"मी खोकते का?"

"तू नाही खोकत. पण तू ऐकतही नाहीस."

तेवढ्यात वखारीच्या कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. उपड्या कॅनवर क्लेमेत बसला होता. वय एकोणऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. तीस वर्षं बोटींच्या इंजिनखोलीत काढून तो म्हातारपणी खोऱ्यात परतला होता. चर्चला जात नसे आणि ब्रँडी लपवून पीत नसे, म्हणून खोऱ्यात त्याचं बोलणं कोणी फारसं मनावर घेत नसे.

"खोकलो तो मी, आर्नफिन," तो म्हणाला. "तुझा ट्रॅक्टर का खोकतो ते मी तुला गेल्या सालीच सांगितलं होतं."

"तुला इंजिनाचा आवाज फार ऐकून बहिरेपण आलंय, क्लेमेत."

"डोळे गेलेत. कान आहेत. आणि तोंड तर आहेच आहे."

आर्नफिन मान हलवत निघून गेला. जाताना त्याने हाल्दिसचे जमिनीवर विखुरलेले नट खोलायचे पाने मात्र उचलून बाकावर ओळीने मांडले. तो तसाच होता.

गुरुवार आणि शुक्रवार रिंगांत गेले. क्लेमेत सांगायचा आणि हाल्दिस करायची, आणि दोघांचं दर दहा मिनिटांनी वाजायचं.

आधी त्याने चारही सिलिंडरांत हात घालून वरच्या काठावरून नख फिरवलं. "इथे पायरी पडलीय. जुनी रिंग जिथवर यायची तिथवर भिंत झिजली, वरची राहिली. ही खरवडून काढ. नाहीतर नवी रिंग वर गेली की या पायरीवर आपटेल आणि तिचे दोन तुकडे होतील."

तिने खरवडलं. मग बारीक पॉलिश पेपर काठीला गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून, वरखाली आणि गोल असं भिंतीवरून फिरवलं. भिंत आधी आरशासारखी चकचकत होती. हळूहळू तिच्यावर तिरक्या रेघांचं बारीक जाळं उमटलं.

"चमक गेली?" क्लेमेतने विचारलं.

"गेली. आता चुलीवरच्या भांड्यासारखी दिसतेय."

"तशीच पाहिजे. देखणी भिंत रिंगांच्या कामाची नाही."

प्रत्येक रिंग आधी नुसतीच सिलिंडरात घालायची, पिस्टन उलटा धरून तिला सपाट खाली सारायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट गेजच्या पातळ पात्याने मोजायची. हाल्दिसने वर्तमानपत्राच्या कागदावर बारा चौकोन आखून रिंगा मांडल्या होत्या. कुठली रिंग कुठल्या सिलिंडरची, ते पेन्सिलीने लिहिलं होतं. दहा बरोबर निघाल्या. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या दोन रिंगांत पातं जाईना.

"जाईल, जरा ढकलते," हाल्दिस म्हणाली.

"ढकलू नकोस, पोरी." साठीच्या बाईला पोरी म्हणणारं खोऱ्यात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. "थंड असताना फट नाही, तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील. भिडली की रिंग फुगणार, आणि तिला फुगायला जागा नाही. मग ती भिंत तरी फाडेल नाहीतर स्वतः तरी मोडेल. कानस घे. एकाच टोकाला घास. बाहेरून आत, एकाच दिशेला. तीनदा घास आणि मोज."

तिने तीनदा घासलं आणि मोजलं. पुन्हा तीनदा घासलं. एका रिंगेला अशा सात खेपा लागल्या, दुसरीला नऊ. शेवटी पातं अगदी अडखळत, पण गेलं. क्लेमेतने रिंग हातात घेऊन टोकांवरून जिभेचं टोक फिरवलं.

"छी!" हाल्दिस म्हणाली.

"बोटाला न कळणारी धार जिभेला कळते. इथे अजून राहिलीय. काढ."

रिंगा पिस्टनवर चढवायच्या तेव्हा मात्र तो कान देऊन बसला. बिडाची रिंग. थोडी जास्त फाकली की काडीसारखी मोडते, आणि तेरावी रिंग खोऱ्यातच काय, शहरातही नव्हती. हाल्दिसने पत्र्याच्या तीन पट्ट्या पिस्टनला उभ्या लावल्या, रिंग दोन्ही अंगठ्यांनी जेमतेम फाकवली आणि पट्ट्यांवरून घसरवत खाली नेली. सगळ्यात आधी खालची, ऑइल निपटणारी. मग मधली. मधलीच्या एका अंगाला सुईएवढा ठिपका होता.

"ठिपका कुठे?"

"वर."

"पुन्हा बघ."

"वर आहे म्हटलं ना! आंधळा तू आहेस की मी?"

"आंधळा मीच आहे. म्हणून तर विचारतोय. ठिपका खाली गेला तर हीच रिंग ऑइल खरवडून खाली लोटायच्या ऐवजी वर उपसत बसेल."

तिने पुन्हा बघितलं. ठिपका वरच होता. तरी बरं वाटलं.

तिन्ही फटी एका रेषेत येऊ नयेत म्हणून रिंगा फिरवून ठेवल्या. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा पट्टा भोवती आवळला, ऑइल चोपडलं आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने पिस्टनला वरून हलकेच ठोकत आत घालायला सुरुवात केली. धप, धप, धप. चौथ्या सिलिंडरला मध्येच आवाज ठक्क असा आला.

"थांब!" क्लेमेत ओरडला.

ती थांबलीच होती. पट्ट्याखालून एक रिंग निसटून काठावर अडली होती. आणखी एक ठोका बसला असता तर बारा रिंगांच्या अकरा झाल्या असत्या आणि सोमवार तिथेच संपला असता. तिने पिस्टन बाहेर घेतला, रिंगेवरून बोट फिरवलं, पट्टा सोडला, पुन्हा आवळला. आधी एक कप कॉफी प्याली. मग पिस्टन घातला. धप, धप, धप, शेवटपर्यंत.

हेडखालचं पॅकिंग शनिवारच्या बोटीने आलं. इंजिन बांधून पुरं झालं तेव्हा चर्चच्या घंटा शनिवारची संध्याकाळ झाल्याचं सांगत होत्या. हाल्दिसने हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. ऑइलचा काटा वर चढला. पाणी कोमट झालं तसं क्लेमेतने हात वर केला.

"बंद कर. यापुढे रिकामं एक मिनिटही नाही."

तेवढ्यात आवाज ऐकून आर्नफिन पळत आला. त्याचा चेहरा उजळला होता. "लागलं? पहिल्यांदाच? अगं, मग उद्या बारसं! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुझ्या वहिनीने सकाळपासून वाफेलचं पीठ भिजवलंय. तीस माणसं येतील."

स्कोरदालमध्ये नवं बांधलेलं इंजिन रविवारी चर्चच्या पहिल्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत हळू, भाराशिवाय रिकामं चालू ठेवायची रीत होती. त्याला ते इंजिनाचं बारसं म्हणायचे. माणसं भोवती बसून कॉफी प्यायची, वाफेल खायची, गुरगुरणाऱ्या इंजिनाकडे पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसं बघायची. ट्रॅक्टर असो, लॉरी असो की बोट, कुणी ही रीत मोडली नव्हती. आणि खोऱ्यातलं प्रत्येक बांधलेलं इंजिन निळा धूर टाकत होतं. या दोन गोष्टींची सांगड फक्त क्लेमेतने घातली होती.

"बारसं होणार नाही," हाल्दिस म्हणाली.

"म्हणजे?"

"उद्या सकाळी मी लॉरी भरून पाद्रीचा चढ चढणार आहे. पूर्ण रेस देऊन. दहा वेळा."

आर्नफिनने आधी तिच्याकडे, मग क्लेमेतकडे बघितलं. "या म्हाताऱ्याने तुझं डोकं फिरवलं. नव्या रिंगांना चढावर? अगं, मारशील तिला! आणि रविवारी? चर्चच्या वेळेला?"

"सोमवारी सकाळी सातला तू आणि लुद्विग येणार. मध्ये दुसरा वार आहे का? असेल तर सांग, त्या वारी चढते."

"आर्नफिन, ऐक जरा," क्लेमेत म्हणाला. "रिंगेला भिंतीवर दाबतो तो आतला भडका. जोर लावला तर भडका मोठा, रिंग भिंतीला घासते आणि तिच्या मापाची होते. नुसतं गुरगुरत ठेवलं तर भडका कसला? ऑइल भिंतीवर भाजून त्याची काच होते. मग त्या काचेवरून रिंग जन्मभर घसरत राहते. तू ट्रॅक्टरला दिवसभर वाफेल दाखवलेस आणि त्याच्या पोटात काच चढवलीस."

"बापाने असंच केलं होतं," आर्नफिन म्हणाला. "खोऱ्यातल्या पहिल्या लॉरीचं बारसं आपल्या बापाने केलं. या अंगणात." आणि तो निघून गेला. या वेळी त्याने पाने उचलले नाहीत.

रविवारी सकाळी सगळ्यात वरच्या वाडीची सुन्निवा हातगाडी घेऊन खाली आली. चाळिशीची, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ. वरच्या वाड्यांवर चाळिशीची ती एकटीच.

"भार पाहिजे म्हणे," ती म्हणाली. "माझी सासू पाठवणार होते, पण ती चर्चला गेली."

वखारीमागे पिढ्यान्‌पिढ्या शेतातून वेचलेल्या धोंड्यांचा ढीग होता. दोघींनी दोन तास धोंडे भरले. लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झाले तेव्हा हाल्दिसने हात झटकले, क्लेमेतला मध्ये बसवलं, सुन्निवा दाराकडे बसली आणि लॉरी निघाली.

पाद्रीचा चढ चर्चच्या भिंतीपासूनच सुरू होतो. पहिल्या खेपेला आत प्रार्थना चालू होती. हाल्दिसने दुसरा गिअर टाकला आणि रेसचा पेडल तळाला टेकवला. इंजिनाने जो आवाज काढला तो गेल्या दहा वर्षांत तिने ऐकला नव्हता. मागे निळ्या धुराचा लोट उठला आणि चर्चच्या छपरापर्यंत गेला. लॉरी वर पोचली. खाली येताना तिने गिअर तोच ठेवला आणि पाय पूर्ण उचलला, म्हणजे इंजिनच भार रोखत आलं. क्लेमेतने डोकं बाहेर काढून हुंगलं.

"धूर आहे का?"

"आहे म्हणजे! चूल पेटल्यासारखा आहे."

"असू दे. बांधताना चोपडलेलं ऑइल जळायचंय अजून. फिरव गाडी."

दुसऱ्या खेपेला प्रवचन चालू होतं. तिसऱ्यालाही तेच. नंतर लोक सांगत, पाद्री तीनदा थांबला आणि चौथ्यांदा त्याने सगळ्यांना उभं राहून मोठ्याने गायला सांगितलं. चौथ्या खेपेहून लॉरी खाली आली, तेव्हा चर्चचं दार उघडलं होतं आणि माणसं रस्त्यावर उभी होती. काळे कोट, काळे रुमाल. धूर अजून होताच, आणि त्यांच्या अंगावरूनच गेला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी "लाज!" असं म्हणालं.

आर्नफिन रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. हात पसरून. हाल्दिसने ब्रेक दाबला. लॉरी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

"बंद कर," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. हा धूर बघ. उद्या लुद्विगच्या शेजारी बसून मी काय बोलू? खोटं बोलता येत नाही मला, तुला माहीत आहे. अजून वेळ आहे. घरी चल, संध्याकाळपर्यंत शांत चालू ठेव. बापासारखं."

हाल्दिसने आरशात बघितलं, धूर खरंच तसाच होता. क्लेमेत चुकला असेल तर? कधीकाळच्या बोटी, म्हाताऱ्याची आठवण आणि तिच्या बारा रिंगा. तिने क्लेमेतकडे बघितलं. तो समोर बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

"खेप कितवी?" त्याने विचारलं.

"चार झाल्या."

"दहा ठरल्यात. मग थांबतेस कशाला?"

हाल्दिस खिडकीतून बाहेर वाकली. "आर्नफिन, बापाने त्या दिवशी लॉरी दिवसभर का चालू ठेवली, तुला ठाऊक आहे?"

"इंजिनासाठी."

"तू तेव्हा मामाकडे होतास. मी इथे होते, सात वर्षांची. सकाळी लॉरी चालू करताना हँडल मोडलं. दुसरं हँडल नव्हतं. पाहुणे यायचे होते, आणि बंद केली तर लॉरी पुन्हा लागणार नाही, सगळे हसतील, म्हणून बापाने बंदच केली नाही. मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस. त्रेपन्न वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. त्यावर तुम्ही सगळ्यांनी रीत बांधलीत."

आर्नफिनचे हात खाली आले. गर्दीतून आधी एक हसला, मग दोघे. मग कुणीच नाही, कारण प्रत्येकाच्या घरी धूर टाकणारं काही ना काही उभं होतं.

"बापाची अब्रू चव्हाट्यावर आणलीस," आर्नफिन हळूच म्हणाला.

"बाप हुशार होता. वेळ मारून नेली त्याने. आपणच मूर्ख, त्याचं देवघर केलं. आता बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. हाल्दिसने रेस दिली. इंजिन गर्जलं. आपण क्लचवरचा पाय उचलणार नाही हे तिला माहीत होतं, पण आर्नफिनला माहीत नव्हतं. तो बाजूला झाला.

पाचवी खेप. सहावी. सुन्निवा अर्धी खिडकीबाहेर लोंबकळून मागे बघत होती आणि काही बोलत नव्हती, हेच मोठं आश्चर्य. सातव्या खेपेला ती म्हणाली, "झाडं दिसायला लागली."

"कुठली झाडं?"

"मागची! धुरातून झाडं दिसायला लागली, हाल्दिस!"

नवव्या खेपेला नुसती उन्हातली हवा थरथरत होती. दहावी खेप झाली तरी हाल्दिस थांबली नाही, अकरावी केली. रस्त्यावर अजून सात-आठ माणसं उभी होती. वाफेल खायला आलेली, पण खायला न मिळालेली. तिने त्यांच्याकडे बघून भोंगा वाजवला.

सोमवारी सातला धक्क्यावर पेंडीची पोती भरली गेली. लुद्विगने स्वतः मोजली, एक कमी निघालं, ते त्याने आणवलं. मग तो दाराकडे बसला, आर्नफिन मध्ये. दोघांचे कोट इस्त्रीचे. चर्च जवळ आलं तसं हाल्दिसने दुसरा गिअर टाकला.

"आरसा तुमच्या बाजूला आहे," ती लुद्विगला म्हणाली. "आणि आर्नफिनला खोटं बोलता येत नाही. दोघं बघा."

अर्ध्या चढावर लुद्विगने चष्मा पुसून आरशात डोकावलं. आर्नफिन त्याच्या मांडीवरून वाकून खिडकीबाहेर मान काढून बसला होता. वारा त्याची टोपी उडवून घेऊन गेला, तरी त्याने मान आत घेतली नाही.

"काय?" लुद्विगने विचारलं.

"काही नाही," आर्नफिन म्हणाला.

जिथे लॉरी सभेच्या आधी पहिल्यांदा थांबली होती ते वळण आलं आणि गेलं.

"आता?"

"काही नाही. नुसता रस्ता आहे." आर्नफिन उगाच खोकला.

माथ्यावर पोचल्यावर लुद्विगने वही काढली, मांडीवर ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. आर्नफिननेही केली. "फेरी हाल्दिसकडेच राहील," लुद्विगने वाचून दाखवलं. "बरं. परीक्षा झाली. इथे गाडी वळवा, मला दहाच्या बोटीवर माणसं भेटायचीत."

हाल्दिसने तिसरा गिअर टाकला.

"अहो, वळवा म्हणतोय मी!"

"तुमची परीक्षा झाली. माझी फेरी अजून राहिलीय. सात वाड्या आहेत, सातही ओट्यांवर दूध उभं आहे. उन्हात कॅन तापतात, असं सभेत कोण म्हणालं होतं?"

पहिल्या वाडीला लुद्विग गाडीतच बसून राहिला. दुसऱ्या वाडीला पोतं उतरवताना आर्नफिन एकटाच धापा टाकत होता, तेव्हा लुद्विगने कोट काढून सीटवर ठेवला. तिसऱ्या वाडीपासून तो कॅन उचलत होता आणि कॅनचे कान कसे धरायचे ते आर्नफिन त्याला शिकवत होता.

सगळ्यात वरच्या वाडीवर सुन्निवा कॉफी घेऊन उभी होती. लुद्विगच्या शर्टावर दुधाचा ओघळ बघून ती खो खो हसली.

"अध्यक्ष, नोकरी बदलली का?"

लुद्विगने कॉफीचा घोट घेतला, कपाळ पुसलं आणि हाल्दिसकडे वळला. "एक गोष्ट आहे. कालची. चर्चच्या वेळेला गाडी चालवलीत. पुढच्या सभेत हा विषय निघणार. मला काढावा लागेल."

"काढा," हाल्दिस म्हणाली. "मी येईन. पण आधी सांगून ठेवते, त्या सभेत मला खुर्ची ठेवा. नाही ठेवलीत तर मी पुन्हा उभी राहीन, आणि या वेळी लवकर बसायची नाही."

तिने रिकामा कप सुन्निवाच्या हातात दिला, चाकामागे चढली आणि भोंगा वाजवला. दूध भरलं होतं आणि बोटीला पंचावन्न मिनिटं उरली होती. दोन्ही पंच धावत येऊन बसले.